कुंकू लावलेली फ्लॉपी

भाईदास आबांची एक खोड सुरतेतल्या सगळ्या लिंबायतला माहीत होती. माणूस नवा दिसला की रामराम झाल्या झाल्या ते विचारायचे, "रक्त कोनतं रे भो तुन्हं?" गावाकडून परवाच आलेला माणूस त्या प्रश्नानं बावचळून जायचा. लग्नाच्या बोलणीत मुलाची शेती आणि नोकरी विचारून व्हायच्या आत आबांचा प्रश्न पुढे यायचा, आणि पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागायचे. त्यांच्या बायको पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. "या माणूसले यम लेवाले उना तरी हाऊ आधी रेडानं रक्त इचारी," असं त्या म्हणायच्या.

खोड उगाच लागलेली नव्हती. आबा मूळचे साक्रीकडचे. बहात्तर साली सुरतेला आले, लूमवर उभे राहिले आणि पुढे जॉबर झाले. जॉबर म्हणजे लूमचा वैद्य. लूम अडला की पाना-पकड घेऊन पोटाखाली शिरायचं आणि त्याला चालता करूनच बाहेर यायचं. एक्याण्णव साली त्यांच्या खात्यात (लूमच्या कारखान्याला आमच्याकडे खातंच म्हणतात) एका कामगाराचा हात पट्ट्यात गेला. दवाखान्यानं रक्त मागितलं. त्याच्यासोबत अकरा जण गेले होते, पण स्वतःचा गट एकालाही ठाऊक नव्हता. एकेकाचं तपासेपर्यंत माणूस गेला. आबा तिथून घरी येताना दोनशे पानी वही विकत घेऊन आले, आणि त्या दिवसापासून खात्याखात्यातून फिरून नाव, खोली आणि रक्ताचा गट लिहायला लागले. चार-पाच वर्षांत त्या वहीनं कितीतरी माणसं वाचवली. आबांना ती वही पाठ होती. चहा पिता पिता ते सांगायचे, अमक्या गल्लीत बी पॉझिटिव्ह सात आहेत, त्यातले दोघे रात्रपाळीला.

या सगळ्यात शहाणपणा करणारा माणूस म्हणजे मी, ललित. आबांच्या समोरच्याच खोलीत वाढलो. रिंग रोडवरच्या एका कापडाच्या पेढीत कंप्युटरवर बसायचो, आणि त्या काळी मला वाटायचं की अख्ख्या लिंबायतमध्ये अक्कल असलेला मी एकटाच. अठ्ठ्याण्णवला पेढीनं एक जुना कंप्युटर काढून टाकला, तो मी आमच्या खान्देशी मंडळाच्या खोलीत आणून बसवला. उधन्याला राहणारा माझा मित्र विकास एका मासिकासोबत आलेली लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या प्रणालीची, सीडी घेऊन आला. त्या कंप्युटरला सीडीचा खण नव्हता, म्हणून विकासनं आपल्याकडचा खण तात्पुरता जोडून लिनक्स टाकलं आणि खण काढून परत नेला. "फुकट आहे, आणि व्हायरस लागत नाही," असं मी मंडळाच्या बैठकीत छाती काढून सांगितलं. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आबा पन्नाशीला टेकलेले. पण शिकायची हौस दांडगी. खातं सुटलं की ते मंडळाच्या खोलीत यायचे, हात धुवायचे, कीबोर्डला हात लावून कपाळाला लावायचे आणि एका बोटानं वही उतरवून काढायला बसायचे. एक नाव टाकायला त्यांना पाच मिनिटं लागायची. मी मागून हसायचो. "आबा, या वेगानं लूम चालला तर सुरतेत सगळे उघडे फिरतील," असं म्हणायचो. ते न रागावता पुढचं अक्षर शोधायचे.

एकदा मी त्यांना दोन फ्लॉप्या दिल्या. समजावून सांगितलं की एखाद्या दिवशी वीज गेली, दाब कमीजास्त झाला, तर मशीन स्वतःहून उठणार नाही. नावं आत सुखरूप असतील, पण दार उघडणार नाही. अशा वेळी ही पहिली फ्लॉपी घालायची, ती मशीनला जागं करते. मग ते दुसरी मागतं, ती घालायची. दुरुस्तीची सगळी हत्यारं या दुसरीत आहेत. आबांनी दुसरी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हंजे हाई मन्ही पाना-पकडनी पिशवी," ते म्हणाले. मी म्हटलं, अगदी बरोबर. मला त्यांच्या समजुतीचं कौतुक वाटलं. दोन्ही फ्लॉप्यांच्या आणखी प्रती करून ठेवायला हव्या होत्या. महिन्या-दोन महिन्यांनी घालून बघायला हव्या होत्या. यातलं मी काहीही केलं नाही.

नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मंडळानं रक्ततपासणीचं मोठं शिबिर घेतलं. दोनशेच्या वर माणसांची बोटं टोचली. निकालाचे कागद नंतर आले, आणि आबांनी महिनाभर बसून ते मशीनमध्ये टाकले. प्रत्येकाला त्याच्या गटाची चिठ्ठी द्यायची होती. ती छापायची पेढीतल्या प्रिंटरवर, आणि तो प्रिंटर माझ्या ताब्यात. मी म्हणालो, पुढच्या रविवारी. असे दहा रविवार गेले. मधल्या काळात निकालाच्या कागदांचा गठ्ठा आबांच्या खोलीत माळ्यावर होता. एकदा पुष्पाबाईंनी विचारलं, यांचं काय करू? मीच म्हटलं, "काकू, आता मशीनमध्ये आहे सगळं. टाका चुलीत." त्यांनी त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं.

त्या दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायला आबांकडे गेलो. लूमवाल्यांच्या घरी दसऱ्याला हत्यारं पुजतात. पाटावर पाना, पकड, कात्री, पुष्पाबाईंच्या भरतकामाच्या आरीच्या सुया मांडल्या होत्या, आणि मधोमध ती दुसरी फ्लॉपी. तिच्यावर पुष्पाबाईंनी लावलेलं हळदीकुंकवाचं बोट, ओल्या अक्षता आणि झेंडूचं फूल. पहिली फ्लॉपी तशीच फळीवर होती, कारण ती हत्यार नव्हती. ते बघून मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. माझी वस्तू पाटावर मांडली गेली होती. मी फ्लॉपीला पान वाहिलं, पुष्पाबाईंच्या पाया पडलो आणि घरी आलो. कुंकवाचं पाणी फ्लॉपीच्या सरकत्या लोखंडी पट्टीखाली, आतल्या चकतीवर गेलं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. रोज फ्लॉप्या हाताळणारा माणूस मी.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. सकाळी अकराच्या सुमाराला पेढीत फोन आला. आबांचा आवाज मी पहिल्यांदा इतका बारीक ऐकला.

"ललित भो, बिगी ये. छगननी बायको बाळंत व्हयनी, पन रक्त थांबत नही. ओ निगेटिव्ह मांगी राह्यनात. आन् पेटी उघडत नही. पडदावर दोनच अक्षरे शेतस."

छगन आबांच्या हाताखालचा कामगार. त्याची बायको कमल, बाविशीची. नागपंचमीला आमच्या गल्लीतल्या झोक्यावर सगळ्यात उंच जायची ती. मी सेठला न विचारताच उठलो आणि रिक्षा केली.

मंडळाच्या खोलीत काळ्या पडद्यावर खरोखरच दोन अक्षरं होती. एल आणि आय. लिनक्स उठताना चार अक्षरं दाखवतं, आणि दोनवर थांबलं तर समजायचं की पुढे जाणार नाही. सकाळी तीनदा वीज गेली होती. आबा खुर्चीत बसले होते, मांडीवर जुनी वही. वहीत ओ निगेटिव्ह दोघे होते. एक कायमचा गावी गेलेला, दुसरा भिवंडीला.

"शिबिरमा आखो तीन भेटेल व्हतात," आबा म्हणाले. "मीच टाकेल शेतस. एक कडोदराना व्हता, त्येन्हा घर मानूस धाडं. तो लगीनले गावले जायेल शे. बाकीना दोन..." ते थांबले. कपाळावर मूठ मारायला लागले. "आठवत नही रे ललित. वहीमा ऱ्हातात तं आठवतात."

मी म्हटलं, घाबरू नका, फ्लॉप्या आणा. त्यांनी त्या आधीच आणून ठेवल्या होत्या, रुमालात गुंडाळून. पहिली घातली. दिवा लागला, घरघर झाली, पडद्यावर ओळी धावायला लागल्या. आबांनी हात जोडले. मशीननं दुसरी फ्लॉपी मागितली. दुसरी घातली, कळ दाबली. कर्रकर्र असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग पडद्यावर वाचता येत नसल्याच्या ओळी एकाखाली एक यायला लागल्या. मी फ्लॉपी बाहेर काढून लोखंडी पट्टी सरकवली. आतली काळी चकती लाल झाली होती. तांदळाचा एक दाणा चिकटून वाळला होता.

"आबा, हे धुतलं होतं का?"

"पुजेल हत्यार कोनी धोस का?" आबा म्हणाले.

मी ती चकती माझ्या सदऱ्यानं पुसली. फुंकर मारली. पुन्हा घातली. चार वेळा घातली. दर वेळी कर्रकर्र, दर वेळी त्याच ओळी. नावं तिथेच होती, माझ्यापासून वीतभर अंतरावर, त्या पत्र्याच्या डब्यात. पाटावरची फ्लॉपी बघून मी हसलो होतो ते मला आठवलं, आणि आबांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. ओरडलोही. "फ्लॉपीला कुणी कुंकू लावतं का?" असं काहीतरी बोललो. दारात पुष्पाबाई उभ्या होत्या. त्यांचा हात तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला.

आता एकच उपाय होता. विकासकडची सीडी आणि खण. मी पुन्हा रिक्षा करून उधन्याला गेलो. विकासच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, भरूचला गेला आहे, उद्या येईल. मी खिडकीतून पाहिलं. टेबलावर सीड्यांची चळत दिसत होती. मी कुलूप हलवून बघितलं, पुन्हा हलवलं. शेजारीण माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती. मी लाजलो आणि परत फिरलो. साधं कुलूप होतं ते. दगडानं तुटलं असतं. आज इतक्या वर्षांनीही उधन्यावरून जाताना ते कुलूप मला दिसतं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आबांनी मशीनचा नाद सोडून जॉबरचा मार्ग धरला होता. ते खात्याखात्यात गेले होते, लूम बंद करायला लावले होते आणि ओरडून सांगितलं होतं की कमलला रक्त लागतंय. दवाखान्याच्या आवारात वहीत नाव नसलेली पन्नासेक माणसं उभी होती. अंगावर कामाचे सदरे, केसांत कापसाचा पांढरा भुरा, बाह्या खांद्यापर्यंत चढवलेल्या. जो तो म्हणत होता, माझं घ्या. कुणाचं कोणतं, हे एकालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर सगळे एकच सांगत होते, "आबाना कंप्युटरमा शे ना."

रक्तपेढीत त्या गटाची एकच बाटली होती, ती लावून झाली होती. दवाखान्यानं शहरातल्या दुसऱ्या रक्तपेढ्यांना फोन केले, तिथेही नाही. तपासणारा माणूस एकटाच. तो म्हणाला, एकेकाला पाठवा. आबांनी रांग लावली. गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी पेनानं प्रत्येकाच्या मनगटावर आकडा लिहिला. दांडगे पुढे घेतले, हाडकुळे मागे ठेवले. अशक्त माणसाचं रक्त घेत नाहीत, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. गोडादऱ्याचा वाल्मिक रात्रपाळी करून झोपलेला, तसाच उठून धावत आला होता. काडीसारखा माणूस. तो पुढे घुसायला बघत होता, तर आबांनी त्याला दंडाला धरून मागे नेलं, मनगटावर चौतीस लिहिलं आणि म्हणाले, "तू पाठीमागे ऱ्हाय भो. तुन्हामा रक्तच कितलं शे?" सगळे हसले. वाल्मिकही हसला.

सव्विसावा माणूस झाला आणि तपासायचं औषध संपलं. दुसरी बाटली चौकातून आणायला माणूस सायकलवरून गेला. छगन भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याचं रक्त सगळ्यात आधी तपासलं होतं, ते जुळलं नव्हतं. तो रांगेकडे बघत होता. आबा फाटकापर्यंत जात होते आणि परत येत होते. मी काय करत होतो? काही नाही. मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. शेंगदाणे विकणारा फाटकाशी आला तर त्याला हाकलून दिलं, एवढंच आठवतं.

औषधाची बाटली आली तेव्हा तीन वाजत आले होते. सत्ताविसावा माणूस आत जायला निघाला आणि नर्सनं त्याला हातानं थांबवलं. ती गुजरातीत म्हणाली, आता राहू द्या. जन्मलेली मुलगी बरी आहे, म्हणाली. मग आत निघून गेली.

पन्नास माणसं वर केलेल्या बाह्यांनिशी तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलला अग्नी दिला. संध्याकाळी विकास सीडी आणि खण घेऊन मंडळाच्या खोलीत आला. त्यानं खण जोडला, सीडीवरून नवीन फ्लॉपी केली, मशीन उठवलं आणि बिघडलेली दोन अक्षरं सरळ केली. या सगळ्याला अर्धा तास लागला. आबांची यादी जशीच्या तशी होती, चारशे बारा नावं. एका बोटानं टाकलेली, एकही चूक नसलेली. आबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. "ते तिन्ही वाच," म्हणाले. मी वाचले. एक कडोदऱ्याचा. एक जळगावला नोकरीला गेलेला. तिसरा गोडादऱ्याचा वाल्मिक.

आबांनी मला ते नाव पुन्हा वाचायला लावलं. मग ते खाली जमिनीवर बसले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ते तेव्हाही रडले नाहीत. पुष्पाबाई दाराबाहेर होत्या. त्या आत आल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच वस्तूला कुंकवाचं बोट लावलं नाही. पुढच्या दसऱ्याला पूजाही आबांनीच केली. मी पुष्पाबाईंना कितीदा सांगितलं की चूक माझी आहे, कागद मी जाळायला लावले, चिठ्ठ्या मी छापल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "हा भाऊ," आणि कामाला लागायच्या. माझ्यावर एकदा जरी ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आबा म्हणाले, यादी छापून आण, भिंतीवर लावायची. मी त्या रात्रीच छापली. सकाळी चिकटवायच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, वाल्मिकच्या नावापुढचा गट गाळू या. त्याला कशाला कळायला हवं? आयुष्यभर त्याच्या उरावर राहील.

"आन् सकाय कोनले हाई रक्त लागनं तं?" आबा म्हणाले. "आखो त्येले रांगमा चौतिसावा उभा करू का?"

यादी तशीच लागली.

पाळी सुटली आणि भिंतीपुढे गर्दी झाली. जो तो आपलं नाव शोधत होता, बोट ठेवून गट वाचत होता, दुसऱ्याला सांगत होता. वाल्मिकला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. तो आपल्या नावावर बोट ठेवून आबांकडे वळला.

"आबा, मन्हं कोनतं?"

आबांनी आयुष्यात हा प्रश्न हजार माणसांना विचारला असेल. त्यांना विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"ओ निगेटिव्ह," ते म्हणाले.

वाल्मिकनं नावावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "कमलवहिनीनं बी हाईच व्हतं ना?"

"हा."

"मी मांगे व्हतू."

"मीच उभा करं तुले," आबा म्हणाले.

वाल्मिकनं मनगटाकडे पाहिलं. पेनाचा आकडा अजून पुसट दिसत होता. त्यानं सावकाश बाही वर केली, थेट खांद्यापर्यंत, आणि तो काडीसारखा हात आबांपुढे धरला.

"मंग आते ल्या ना, आबा," तो म्हणाला.

आबांनी तो हात दोन्ही हातांत धरला.